अकराव्या पाकिटाची गाठ

४ मार्च

ताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात. तो मी केलाय असं समजा, कारण आज हात तिकडे वळत नाहीये.

तुमचा भाऊ तुमच्याकडून खुडबुडीला घेऊन इथे परत पोचला त्याला दहा दिवस झाले. विमानतळाच्या दारातून बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. शर्टावर दूध सांडलेलं, केसांत बिस्किटाचा चुरा, चष्म्याची एक काडी वाकडी. पोरगी अकरा तास रडली, ताई. अकरा! समोरच्या खुर्चीला तिने इतक्या लाथा मारल्या की तिथला टकला माणूस चार वेळा उठला, वळून बघून पुन्हा बसला. ओकारीसाठी ठेवलेल्या कागदी पिशव्या तिने फाडल्या, आपल्या फाडून झाल्यावर शेजारच्यांच्याही. कडेवर घेतलं की डोक्यावरचं बोलवायचं बटण दाबायची. शेवटी विमानातली बाई यायचीच बंद झाली. कार्टून लावून दिलं तर मोबाइल भिरकावला. मग हा बापुडा तिला खांद्यावर टाकून खुर्च्यांमधल्या वाटेने येरझाऱ्या घालत राहिला, लोकांचे पाय तुडवत आणि माफी मागत.

आता मला एक सांगा. बावीस महिन्यांच्या मुलीला एवढ्या लांब पाठवताना माणूस बरोबर काहीतरी देतं की नाही? एखादी बाहुली, एखादं चित्रांचं पुस्तक, निदान चार खडू? मी विचारलं, “ताईंनी काहीच दिलं नव्हतं?” तर तो म्हणाला, “जाऊ दे ना आता.” तुमच्यावर शब्द येऊ नये म्हणून गप्प बसला. पण मला काय समजायचं ते समजलं.

त्यातून पुढचं ऐका. कठड्यापलीकडे ती दिसली आणि मी धावले. तेरा महिने, ताई! इथे नोकरीचं पहिलं वर्ष मूल ठेवता येणार नाही अशी अट होती, राहायला एक खोली, म्हणून काळजावर दगड ठेवून तिला तुमच्याकडे सोडलं होतं. मी तिला ओढून घेतलं, छातीशी धरलं. ती किंचाळली आणि माझ्या खांद्याला कडकडून चावली. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, दातांचे ठसे वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. रात्री आरशात बघितलं. वरचे चार, खालचे चार, आणि डावीकडचा सुळा नुकताच फुटलेला. मी निघाले तेव्हा तिला खाली दोनच दात होते. बाकीचे कधी आले, कुठला आधी आला, ताप आला होता का, काही मला माहीत नाही. ते सगळे दात मला पहिल्यांदा माझ्याच खांद्यावर दिसले.

दहा दिवसांत ती एकदाही आपणहून माझ्याजवळ आलेली नाही. मी खोलीत आले की भिंतीकडे तोंड करते. रविवारी तुमचा फोन आला, तुम्हाला बघून खुदकन हसली, आणि फोन बंद झाल्यावर पाऊण तास बाहेरच्या दारावर हात आपटत बसली. म्हणून आता फोन करू नका. ती तुम्हाला विसरेपर्यंत करू नका. काही सांगायचं असेल तर पत्र लिहा, पत्राचा आवाज तिला ऐकू जात नाही.

तुम्ही तिला सांभाळलंत ते नाकारत नाही. पण सांभाळता सांभाळता स्वतःची करून ठेवलीत, आणि परत देताना मला चावणारं मूल दिलंत.

खुडबुडीची आई


१३ मार्च

भावजयबाई,

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. ही म्हण आजवर नुसती म्हणत होते, तुझं पत्र वाचून तिचा अर्थ कळला.

काही दिलं नाही म्हणतेस? अकरा पाकिटं दिली होती, बाई. तासाला एक. तीन आठवडे रोज दुकान बंद केल्यावर हेच करत होते.

तू उंटावरून शेळ्या हाकतेस, म्हणून तुला आधी तुझी मुलगी काय चीज आहे ते सांगते. माझ्या बाइंडिंगच्या दुकानात, टेबलाखाली, कागदाच्या कातरणात ती मोठी झाली. तिला बाहुली नको असते. बाहुली दिली तर तिचे कपडे सोडते आणि बाहुली टाकून देते. तिला सोडायला हवं असतं. बटण, झाकण, चेन, आणि सगळ्यात जास्त गाठ. वह्यांच्या गठ्ठ्यांना मी दोरा बांधते तो सोडत ही तासतास बसते. जीभ बाहेर काढून, नाक फेंदारून, गिऱ्हाइकांकडे ढुंकूनही न बघता. खुडबुडी हे नाव काय उगाच पडलं?

म्हणून ती पाकिटं. आत काय होतं त्याला महत्त्व नाही. पडद्याची कडी, रिकामं रीळ, कापडावर शिवलेली जुनी चेन, मोजायची फीत, असलंच. खेळ होता तो गाठींचा. पहिल्या पाकिटाला साधी सुरगाठ, ओढली की सुटली. दुसऱ्याला जरा अवघड. असं चढत चढत. प्रत्येक गाठ मी आधी तशीच दुसऱ्या दोऱ्यावर बांधून तिला दिली आणि घड्याळ लावून बघितलं. सातवीला तिला अडतीस मिनिटं लागली. पिशवीत वरच चिठ्ठी ठेवली होती, तासाला एकच द्यायचं, आणि काहीही झालं तरी गाठ आपण सोडून द्यायची नाही. ती पाकिटं कुठे गेली ते तुझ्या मिठाची गुळणी धरलेल्या नवऱ्याला विचार.

आणि अकरावं. ते तुझं होतं.

तू रोज फोन करायचीस, खरं आहे. पण फोनमधली तू तळहाताएवढी. तिच्या हिशोबी आई म्हणजे माझ्या हातात मावणारी, बटण दाबलं की जाणारी वस्तू. एवढीशी आई एक दिवस डोंगराएवढी होऊन अंगावर धावून आली तर मूल घाबरेल की नाही? म्हणून मी तुझा फोटो खऱ्या तोंडाएवढा करून आणला आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक बांधलं. पानोपानी दारं आहेत. दार उघडलं की मांजर, दार उघडलं की छत्री. शेवटच्या पानावर दोन हात काढलेत, कापडाचे, तोंड झाकणारे. ते हात बाजूला केले की खाली तू. चार महिने रोज संध्याकाळी हा खेळ चालायचा. हात बाजूला करायची आणि “कुक!” म्हणून ओरडायची. फोटोला, बरं का. मला नाही.

चिठ्ठीत शेवटी ठळक लिहिलं होतं, उतरल्या उतरल्या बायकोला फोन करून सांग, धावत येऊ नकोस. जमिनीवर बस, दोन्ही हातांनी तोंड झाक आणि गप्प थांब. ती येईल आणि स्वतः तुझे हात बाजूला करील. अकरावं पाकीट जरा वेळ लागेल असं बांधलंय, म्हणजे विमान टेकेपर्यंत पुरेल.

आणि तू काय केलंस? धावलीस. बंद डबा हिसकावून घेतात तसं तिला घेतलंस. मग चावली! बरं झालं चावली.

फोन बंद करायचा असेल तर कर. तुझी मुलगी आहे, तुझं राज्य आहे. पण विसरेपर्यंत म्हणे! पोरीचं मन म्हणजे काय पाटी आहे, ओल्या फडक्याने पुसायला?

वरचा डावा सुळा जानेवारीत आला. दोन दिवस ताप होता. कळवलं नाही, कारण तू तिकडे रडली असतीस आणि इथे करायला काही नव्हतं. खालचे दात आधी आले, वरचे नंतर. वहीत तारखा लिहिल्या आहेत, पाठवीन.

आत्या


२१ मार्च

ताई,

तू माझं घर मोडायला निघाली आहेस का?

तुझं पत्र मीच पेटीतून काढलं. तिला दिलेलं नाही. आधी माझं ऐक, मग हवं तर मार.

विमानतळावर तपासणीच्या टेबलापाशी आमच्यामागे पन्नास माणसं उभी होती. तिथल्या बाईने पिशवी उघडली आणि एक पाकीट सोडून दाखवा म्हणाली. एकच म्हणाली, हे खरं. पण मला वाटलं, आत्ता ही एक म्हणतेय, पुढे दुसरी कुणी दुसरं म्हणेल. तिच्याकडे कात्री होती. मी म्हटलं, दहाही कापून टाका एकदाच. अगं, गोदामात आम्ही दिवसभर हेच करतो. सुटे सुटे नग आले की दोऱ्या कापायच्या, सगळा माल एका खोक्यात भरायचा, पुढे ढकलायचा. मला ते चुकीचं वाटलंच नाही. उलट वाटलं, किती सुटसुटीत केलं.

खुडबुडी माझ्या कडेवर होती. तिने दहाही दोरे कापलेले बघितले. आणि ती खाली फरशीवर बसली, कापलेले तुकडे गोळा केले, आणि जी रडायला लागली ती इथे येईपर्यंत. मी कड्या-रिळं सगळी तिच्यापुढे ओतली. तिने हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं हट्ट करतेय. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की ती कशासाठी रडत होती.

चिठ्ठी मी वाचली नव्हती. औषधांची यादी असेल असं वाटलं.

अकरावं पाकीट मोठं होतं, पाठीवरच्या पिशवीत मावेना. ते सामान देतानाच मोठ्या बॅगेच्या तळाशी सपाट घातलं. बॅग कपाटावर आहे. अजून तिथेच असणार.

आता बायकोला काय सांगू? पहिल्या दिवशी “जाऊ दे” म्हणालो, त्यात तिने स्वतःच तुझी चूक धरली आणि मी धरू दिली. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती आधीच रोज रडते. तू एवढंच लिही की पाकिटं विमानतळावर काढून घेतली, ठेवू दिली नाहीत. सरकारी माणसावर ढकललं की कुणाचंच काही जात नाही. लहानपणी तू माझ्या किती खोड्या निस्तरल्यास. ही एक शेवटची.

तुझा धाकटा


३० मार्च

धाकट्या,

नाही.

तू काच फोडायचास आणि मी चेंडू माझा म्हणायचे, तेव्हा तू सात वर्षांचा होतास. आता तुझ्या टाळूवरचे केस गेलेत. तुझी बायको मला पोर पळवणारी समजतेय, तू शेजारी बसून ते ऐकतोस, आणि वर मलाच खोटं लिहायला सांगतोस. त्यात पत्रही दाबून ठेवलंस. दुसऱ्याचं पत्र! लाज कशी वाटली नाही रे?

दोरा कापलास त्याचा राग नाही. माणसाच्या हाताला सवय असते. माझा हातही मोकळं पान दिसलं की शिवायला जातो. पण कापलं असं सांगायला तुला जवळजवळ महिना आणि माझं पत्र लागलं. पोरगी तुझ्या मांडीवर अकरा तास ओरडून सांगत होती आणि तुला तो हट्ट वाटला. बाप आहेस की हमाल?

त्या पत्राची दुसरी प्रत मी तिच्या कामाच्या पत्त्यावर पाठवली आहे, सोबत तू कापलेल्या दोऱ्यांचं लिहिलंय आणि बॅगेच्या तळाचाही पत्ता दिला आहे. ती पोचायच्या आत स्वतः तोंड उघडलंस तर माणूस म्हणवशील.

ताई


१० एप्रिल

ताई,

तुमच्या भावाने तोंड उघडलं नाही. तुमचं पत्रच आधी पोचलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, हाताला साच्यांचं प्लास्टर लागलेलं असताना वाचलं. दोनदा वाचलं. शेजारची कारागीर म्हणाली, “काय गं, कुणी गेलं का?” मी म्हटलं, कुणी गेलं नाही, पण आज एक जाणार आहे. अर्धा दिवस रजा टाकली आणि घरी आले.

तो घरीच होता, त्याची सुट्टी होती. मला बघूनच समजला. मी त्याला काही विचारलं नाही. खुर्ची घेतली, कपाटावरची बॅग ओढली, ती अर्धी माझ्या डोक्यावर पडली. तो पुढे आला तर म्हटलं, हात लावू नकोस. तळाशी तुमचं पाकीट होतं. ताई, त्या तपकिरी कागदाला दुकानातल्या खळीचा वास येत होता. खुडबुडी भिंतीकडे तोंड करून बसली होती. वास आला की काय कोण जाणे, वळली.

मी पाकीट फरशीवर ठेवलं आणि लांब सरकले.

तिने आधी दोरा बघितला. मग नाक फेंदारलं, जीभ बाहेर काढली, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. आणि बसली सोडत. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. गाठ हलेना. मी तुम्हाला खरं सांगते, माझे हात शिवशिवत होते. स्वयंपाकघरात कात्री होती, चार पावलांवर. तुमचा भाऊ हळूच म्हणाला, “जरा मदत करू का तिला?” मी म्हटलं, एक शब्द बोललास तर तुला बॅगेत घालून परत पाठवीन. तो बसला. आम्ही दोघं आपल्याच घरात पाहुण्यांसारखे बसून तिच्या बोटांकडे बघत राहिलो.

शेवटी तिने गाठ तोंडात घातली. चोखली, चावली, थुंकली, परत चोखली. मी तिचे दात कामाला लागलेले बघत होते. बऱ्याच वेळाने गाठ मऊ पडली आणि ओला दोरा तिच्या हातात आला. तिने तो मला दाखवला. मला, ताई! चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने मला काहीतरी दाखवलं.

मग पुस्तक. मांजर, छत्री, सगळी दारं तिला पाठ. शेवटच्या पानाआधी मी तुम्ही लिहिल्याप्रमाणे तोंड झाकलं. मला काही दिसत नव्हतं. पुठ्ठ्याचा आवाज आला, मग “कुक!” ऐकू आलं. ते फोटोला होतं. मग काहीच नाही. मला वाटलं, संपलं. हाताखाली मी रडत होते, प्लास्टर डोळ्यांत जात होतं, पण हात काढला नाही. कितीतरी वेळाने चिकट बोटं माझ्या करंगळीला लागली. तिने एकेक बोट सोडवलं. गाठ सोडवतात तसं, घाई न करता, दहाही. आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे. “कुक” म्हणाली, पण हळू. विचारल्यासारखं.

अजून आई म्हणत नाही. पण काल रात्री माझ्या कुशीत झोपली, एक हात माझ्या तोंडावर ठेवून, बघायला की मी आहे ना.

आता भांडण. तुमच्या भावाचं मी बघून घेते, तो सध्या स्वतःचं स्वतः शिजवून खातोय. तुमच्यावर मी खोटा आळ घेतला, त्याची माफी मागते. पण ती मागून झाल्यावर सुद्धा मला तुमचा राग आलेला आहे, आणि या वेळी खरा.

ती गाठ, ताई. मी तो दोरा जपून ठेवला आणि कामावर भिंगाखाली बघितला. तुम्ही एकावर एक तीन गाठी मारल्या होत्यात आणि वर खळ लावून सुकवली होतीत. मी ठसे वाचते हे तुम्ही विसरलात. सातवीला अडतीस मिनिटं, घड्याळ लावून बघणारी बाई तुम्ही. ही गाठ घड्याळ लावून बघितलीत का? विमान टेकेपर्यंत पुरावी म्हणून ती बांधलेली नव्हती. ती सुटूच नये म्हणून बांधलेली होती. तुमच्या भावाने दहा कापली नसती, अकरावं वेळेवर दिलं असतं, तरी तुमच्या हिशोबी ते विमानात उघडलं नसतंच. खळ थुंकीने विरघळते, एवढंच तुमच्या लक्षात आलं नाही.

त्याने न समजून कापलं. मी न समजून धावले. तुम्ही मात्र सगळं समजून बांधलंत.

हे मला पत्रातून भांडायचं नाही. समोर बसून भांडायचं आहे. या.

फोन सुरू केलाय. पण रविवारी करू नका, आधी या.

खुडबुडीची आई


१९ एप्रिल

बाई गं,

हो.

आदल्या दुपारी ती टेबलाखाली झोपली होती तेव्हा बांधली. खळ लावली आणि सुकेपर्यंत फुंकर घालत बसले. पुस्तक तुझ्यासाठी खरं मनापासून केलं होतं, गं. चार महिने तिला तुझं तोंड शिकवलं तेही मनापासून. पण शेवटी दोरा हातात आला आणि वाटलं, एवढं एक बंद राहू दे. कारण विचारू नकोस. तुला माहीत आहे.

माझा मलाच एवढा राग आला होता की पहिल्या पत्रात तो सगळा तुझ्यावर काढला.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेचं तिकीट काढलंय. दातांच्या तारखांची वही घेऊन येते. काय बोलायचं असेल ते बोल, मी ऐकून घेईन, मग मीही बोलेन. धाकट्याला तोवर उपाशी ठेवू नकोस, त्याच्यावर ओरडायला तो जिवंत हवा.

एकच अडचण आहे. मी जन्मात विमानात बसलेली नाही. अकरा तास नुसतं बसून माणसाने करायचं तरी काय, तेवढं कळव.

आत्या